कधीही न झालेल्या अमेरिकन मोटार कंपनीचा इतिहास कसा रचावा

कादंबरीसाठी, एखाद्या खेळासाठी किंवा केवळ हौसेखातर काल्पनिक अमेरिकन मोटार कंपनी रचायला बसणारे बहुतेक जण नाव आणि बोधचिन्ह यांपासून सुरुवात करतात. माझ्या मते सुरुवात कंपनी केव्हा आणि कशामुळे बंद पडली, इथून करावी. अमेरिकेतील स्वतंत्र, म्हणजे फोर्ड, जनरल मोटर्स आणि क्रायस्लर या तीन मोठ्यांबाहेरच्या, मोटार कंपन्यांचा खरा इतिहास हा मुख्यतः भांडवल अपुरे पडण्याचा इतिहास आहे, आणि शेवट एकदा पक्का झाला की त्याआधीच्या चाळीस वर्षांतले कोणते निर्णय त्या वेळी शहाणपणाचे वाटूनही पुढे महागात पडले असतील, हे सुचत जाते.

कंपनी उंची गाड्या बनवणारी असेल, तर तिला महामंदीत संपवणे सर्वांत स्वाभाविक ठरते; ड्यूसेनबर्ग १९३७ मध्ये आणि पियर्स-ॲरो १९३८ मध्ये अशाच संपल्या. मध्यमवर्गीय गिऱ्हाइकाच्या कंपनीसाठी मात्र १९५३ ते १९५८ हा काळ निवडावा. फोर्ड आणि शेव्हरोले यांनी १९५३-५४ मध्ये एकमेकांवर मात करण्यासाठी विक्रेत्यांच्या माथी गाड्या मारल्या, किमती घसरल्या आणि त्या भांडणात लहान कंपन्या भरडल्या गेल्या. १९५४ मध्येच नॅश आणि हडसन एकत्र येऊन अमेरिकन मोटर्स झाली, त्याच वर्षी पॅकार्डने स्टुडबेकर घेतली, आणि १९५६ नंतर डेट्रॉइटमध्ये पॅकार्ड बनणे थांबले.

यामागचे अर्थकारण आपल्या इतिहासात ठळकपणे यायला हवे. दरवाजा किंवा मडगार्ड दाबून काढण्याच्या डाय, म्हणजे साचे, बनवायला येणारा खर्च पन्नास हजार गाड्या काढल्या काय किंवा पाच लाख काढल्या काय, जवळपास तेवढाच असतो. त्यामुळे रूप वारंवार बदलण्याची प्रथा मोठ्या कंपन्यांना परवडते आणि लहान कंपनीच्या प्रत्येक गाडीवर तो बोजा कितीतरी पटींनी पडतो. म्हणून संचालक मंडळाच्या सभेचा प्रसंग रंगवायचा असेल, तर वाद इंजिनाच्या ताकदीवर घालू नये, नव्या डायच्या रकमेवर घालावा.

कंपनीला एक खरा गुण द्यावा आणि तोच गुण तिच्या अंगलट येऊ द्यावा. हडसनने १९४८ च्या मॉडेलमध्ये गाडीचा तळ सांगाड्याच्या दांड्यांमध्ये खाली बसवला. गाडी ठेंगणी आणि वळणावर स्थिर झाली, १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला स्टॉक कार शर्यतीही तिने गाजवल्या. पण बॉडी आणि सांगाडा एकजीव असल्याने तिचे रूप पालटणे फार खर्चाचे होते, आणि प्रतिस्पर्धी नवे व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरांचे, इंजिन विकत असताना हडसन मुख्यतः सहा सिलिंडरांवर अडून राहिली. काल्पनिक कंपनीच्या नशिबी असा पेच आला की वाचक तिच्यावर विश्वास ठेवतो. निव्वळ दुष्ट बँकर किंवा मूर्ख वारसदार हे कारण मला नेहमीच आळशीपणाचे वाटते.

शेवटाकडून मागे येत जन्म ठरवावा. संस्थापक शून्यातून मोटार बनवत नाही, तो आधीच काहीतरी बनवत असतो. इंडियानातील साउथ बेंडचे स्टुडबेकर बंधू १८५२ पासून घोडागाड्यांच्या धंद्यात होते, बफेलोच्या पियर्स कंपनीने (पुढची पियर्स-ॲरो) पूर्वी पक्ष्यांचे पिंजरेसुद्धा बनवले होते, आणि विस्कॉन्सिनमधील केनोशाची जेफरी कंपनी, जी पुढे १९१६ मध्ये नॅशकडे गेली, सायकलींच्या धंद्यातून आलेली होती. पहिल्या गाड्यांना कॉन्टिनेंटलसारख्या पुरवठादाराचे तयार इंजिन द्यावे, कारण नव्या कंपन्या सर्रास तसेच करत. जन्म १९०३ ते १९११ मधला असेल, तर पेट्रोल मोटारीवरच हक्क सांगणाऱ्या सेल्डन पेटंटचे स्वामित्वशुल्क भरायचे की फोर्डप्रमाणे नाकारायचे, हा प्रश्न संस्थापकासमोर असलाच पाहिजे. १९११ मध्ये अपिलात फोर्डच्या बाजूने निकाल लागला आणि तो प्रश्न मिटला.

युद्धाच्या वर्षांत चूक करू नये. फेब्रुवारी १९४२ मध्ये खासगी मोटारींचे उत्पादन थांबले आणि १९४५ मध्येच पुन्हा सुरू झाले, त्यामुळे १९४४ चे नवे मॉडेल दाखवले की जाणता वाचक तिथेच पान मिटतो. पॅकार्डने या काळात रोल्स-रॉइसचे मर्लिन विमान इंजिन बनवले. आपल्या कंपनीलाही असेच एखादे लष्करी कंत्राट द्यावे आणि तिचे १९४६ चे मॉडेल म्हणजे पुढची जाळी बदललेली १९४२ चीच गाडी ठेवावी.

तांत्रिक आकडे कागदावर पडताळावेत. समजा, बोअर (सिलिंडरचा व्यास) ३.५ इंच, स्ट्रोक (दट्ट्याची चाल) ५ इंच आणि सिलिंडर सहा आहेत. बोअरचा वर्ग १२.२५, त्याला ०.७८५४ (पायचा चौथा भाग), मग ५ आणि मग ६ ने गुणले की क्षमता सुमारे २८९ घन इंच येते. जाहिरातपत्रकात ३५० छापून मोकळे होणाऱ्यांचे बिंग इथेच फुटते. चित्रांचेही तसेच आहे: १९४० च्या मॉडेलपासून सात इंची गोल सीलबंद हेडलाइट दोनच असत आणि चार दिव्यांची पद्धत १९५७-५८ मध्ये रुळली. कंपनी १९७० च्या दशकापर्यंत जगवली असेल, तर १९७२ च्या सुमारास अश्वशक्ती मोजण्याची रीत ढोबळ (जोडसाहित्याविना नुसत्या इंजिनाची) ऐवजी निव्वळ (गाडीतल्या जोडसाहित्यासह) झाल्यामुळे तेच इंजिन पत्रकात एकाएकी अशक्त दिसू लागते, हेही नोंदवावे.

मजकूर सलग चरित्रासारखा लिहिण्यापेक्षा भागधारकांना पाठवलेले पत्र, मेकॅनिकसाठीचे दुरुस्तीपत्रक आणि जाहिरात असे तुकडे तयार करावेत. गिअर अडकण्याची तक्रार दुरुस्तीपत्रकात स्पष्ट असावी, भागधारकांच्या पत्रात ती ‘हंगामी अडचण’ व्हावी आणि जाहिरातीत तिचा मागमूसही नसावा. तारखा घालताना नवे मॉडेल साधारणपणे आदल्या वर्षीच्या शरद ऋतूत बाजारात येत असे, हे ध्यानात ठेवावे.

नाव सर्वांत शेवटी निवडावे आणि ते पूर्वीच्या कोणत्याही खऱ्या कंपनीचे नाही याची खात्री करून घ्यावी. विसाव्या शतकाच्या आरंभी इतक्या कंपन्या निघाल्या आणि बुडाल्या की मनात आलेले नाव बहुधा कुणीतरी वापरून टाकलेले असते. तयार कागदांच्या प्रत्येक पानावर आणि प्रत्येक चित्राखाली ‘काल्पनिक’ असे लिहावे, म्हणजे एखादे सुटे पान कुणाच्या हाती लागले तरी ते खऱ्या इतिहासात मिसळणार नाही.