शेवटची गाडी थांबेपर्यंत बार बंद: ऑटोक्रॉसच्या दिवसाची तयारी

ऑटोक्रॉस म्हणजे मोकळ्या मैदानावर कोन मांडून घड्याळाशी लावलेली गाड्यांची शर्यत. यंदा आमच्या गोव्यातल्या क्लबात पुन्हा तोच वाद होणार. बियरवाला प्रायोजक पैसे घेऊन दारात उभा आहे, त्याला स्टॉल लावू द्यायचा की नाही? माझं मत आधीच सांगतो, म्हणजे पुढची यादी त्या हिशेबाने वाचाल. ट्रॅकवर एक जरी गाडी सुरू असेल तर थेंबभर दारू विकायची नाही. स्पर्धा संपल्यावर विकायची तर विका, पण लोकांना घरी पोचवायची सोय पक्की झाली असेल तरच. दारू मुळीच नको असं म्हणायला मी काही माळकरी नाही, आणि म्हणून उपयोगही नाही; मैदानाच्या सड्यावरून (पठारावरून) खाली उतरलं की पहिल्याच वळणावर बार आहे.

महिनाभर आधी कागद हातात हवेत. जागा कोमुनिदादची (गावकीच्या सामाईक मालकीची) असो वा खाजगी, परवानगी लेखी घ्या. सार्वजनिक रस्त्याचा तुकडासुद्धा ट्रॅकमध्ये येऊ देऊ नका, कारण सरकारच्या लेखी संमतीशिवाय रस्त्यावर शर्यत लावणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. एफएमएससीआयचं (देशातल्या मोटर क्रीडा क्लबांच्या महासंघाचं) परमिट, पंचायत, पोलीस, अग्निशमन ही नेहमीची फेरी आहेच. बार लावणार असाल तर अबकारी खात्याचा त्या दिवसापुरता परवाना लागेल, आणि अर्जात वेळ सरळ संध्याकाळची घाला: साडेपाच ते आठ. प्रायोजकाच्या करारातही हीच वेळ लिहा, आगाऊ रक्कम घेण्याच्या आधी. पैसे खात्यात जमा झाल्यावर 'दुपारी थोडं चाखायला देऊ' अशी गोड भाषा सुरू होते. तारीखही तपासा, मतदान जवळ असेल तर ते संपेपर्यंतचे ४८ तास विक्री बंद असते.

आखणी करताना बार आणि पॅडॉक (गाड्या उभ्या करून तयार करायची जागा) एकमेकांना दिसतासुद्धा कामा नयेत. पॅडॉकमध्ये पेट्रोलचे कॅन असतात, जॅकवर चढवलेल्या गाड्या असतात, खाली कोणीतरी झोपून नट आवळत असतो. तिथे हातात ग्लास घेतलेला मित्र म्हणजे अपघाताला आमंत्रण. काचेची बाटली मैदानावर कुठेच नको, फाटकावरच काढून घ्या. जांभ्याचा कातळ टायर खायला आधीच पुरेसा आहे. एकदा एका गाडीच्या टायरच्या कुशीतून मी बोटभर तपकिरी काच पकडीने उपसून काढली होती. ती बाटली आदल्या रात्री आमच्याच पोरांनी फोडलेली.

आता आदली रात्र. खरी गोम इथे आहे आणि यादीत ती कोणीच लिहीत नाही. आपला मोसम नेमका उर्राकचा, म्हणजे काजूच्या पहिल्या धारेच्या दारूचा. मार्च-एप्रिलमध्ये लिंबू सोडा, मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची घातलेला ग्लास समोर आला की नाही म्हणणारा गोंयकार मला तरी भेटलेला नाही. पण हिशेब करा. ६५० मिलिलिटरची ८ टक्क्यांची स्ट्राँग बियर म्हणजे साधारण ४१ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. यकृत तासाला ७ ते १० ग्रॅम निकालात काढतं, म्हणजे एका बाटलीला चार ते सहा तास. दोन बाटल्या रिचवून मध्यरात्री उठलेला माणूस सकाळी आठला मोकळा झालेला असेलच असं नाही. थंड पाण्याची आंघोळ आणि कडक चहा यांनी डोळे उघडतात, रक्त धुतलं जात नाही.

म्हणून सकाळी श्वास तपासायचं यंत्र हवं, आणि रांगेत पहिले मार्शल, म्हणजे वळणावर झेंडा दाखवणारे. चालक नंतर. दोन वर्षांपूर्वी मी मोठ्या रुबाबात सगळ्यांच्या आधी फुंकलं, आणि आकडा आला. रात्री साडेबारापर्यंत उर्राक, मग सहा तास झोप. मला वाटलं होतं, उतरली. दुसऱ्या वळणावरचा झेंडा हातातून गेला आणि दिवसभर भाजी-पावाची कुपनं फाडली. रस्त्यावरची कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. आपली शून्य ठेवा. एखादा हुशार चालक म्हणेलच, की २०१८ पासून वाडाच्या (जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या) प्रतिबंधित यादीत अल्कोहोल नाही. बरोबर आहे, पण एफआयएने (मोटर क्रीडेच्या जागतिक महासंघाने) आपली बंदी वेगळी ठेवली आहे, हे त्याला चहा पाजत सांगा. वैयक्तिक अपघात विम्याच्या बहुतेक पॉलिसीही नशेतल्या अपघाताला हात वर करतात.

दिवसभर विकायला कोकम सरबत, सोडा, रोस आमलेट ठेवा. उन्हात लोक तहानेने बियर मागतात, नशेसाठी नव्हे. बर्फ कमी पडला की कुरकुर सुरू होते, म्हणून बर्फ दुप्पट सांगा. १०८ची गाडी किंवा भाड्याची रुग्णवाहिका जागेवर हवी, आणि बांबोळीच्या सरकारी इस्पितळात पोचायला किती मिनिटं लागतात ते आदल्या दिवशी स्वतः जाऊन बघा.

संध्याकाळी शेवटची गाडी थांबली, ट्रॅकवरचे कोन उचलले, की बार उघडा. त्याआधी कदंबची (राज्य परिवहनाची) एक बस ठरवलेली असू दे, म्हापसा आणि डिचोलीकडे जाणारी, आणि गावातल्या चार-पाच पायलटांना (मोटारसायकल टॅक्सीवाल्यांना) वेळ सांगून ठेवा. खरी भीती प्रेक्षक दंगा करतील याची नाहीच. भीती आहे ती घाटीच्या उतारावर अंधारात स्कूटर हाणणाऱ्या पोराची. दिवसभर गाड्या घसरताना बघून त्याचा हातही शिवशिवत असतो. पोलिसांनी अडवलं तर पहिल्याच खेपेला दंड १० हजार किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. न अडवलं तर काय, ते आपण सगळे जाणतो.

काउंटरवर एक लाकडी फळी आणि पन्नास खिळे लावा. ग्लास हवा तर चावी खिळ्यावर, नावाची चिठ्ठी बांधून. आठला बार बंद, सव्वाआठला बस. फळीवर राहिलेल्या चाव्या खजिनदाराने घरी न्यायच्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहानंतर, तेही यंत्रात फुंकून घेऊनच, परत द्यायच्या.