ह्युगो की जिंजा? साइट करताना या चुका टाळा

पैठणीच्या दुकानाची साइट करायला घेतलेला एक मुलगा परवा कॉलेज रोडला चहावर विचारत होता, "दादा, ह्युगो घेऊ की जिंजा?" म्हटलं, हे म्हणजे 'चकलीचा कारखाना घेऊ की सोऱ्या?' विचारण्यासारखं झालं. कारखान्यात सोऱ्या असतोच की! ह्युगो म्हणजे कारखाना, साइटची सगळी पानं आधीच बनवून ठेवणारा 'स्टॅटिक साइट जनरेटर'; जिंजा म्हणजे नुसता सोऱ्या, एक टेम्प्लेट इंजिन.

पहिली चूक हीच. टेम्प्लेट इंजिन म्हणजे सोऱ्या: साच्यात मजकूर भरायचा, एवढंच काम. जेकिल, पेलिकन हेही ह्युगोसारखेच कारखाने: जेकिलच्या पोटात लिक्विड नावाचा सोऱ्या आहे, पेलिकनच्या पोटात जिंजा, ह्युगोत गो भाषेची टेम्प्लेट्स. खरा प्रश्न एवढाच की पान कधी बनवायचं? आधीच तळून डब्यात भरायचं, की गिऱ्हाईक आल्यावर? फ्लास्क (सर्व्हरवर चालणारी साइट बनवायचं साधन) जिंजाचाच साचा वापरतं, पण पान मागितल्यावर भरतं.

दुसरी चूक: 'रोज बदलतं, म्हणजे सर्व्हर हवाच.' लासलगावचे कांद्याचे भाव रोज बदलतात, पण बघणाऱ्या प्रत्येकाला तेच दिसतात. दिवसातून चार वेळा साइट पुन्हा बिल्ड केली, म्हणजे सगळी पानं नव्याने बनवली, की भागतं. माणसागणिक पान बदलत असेल, म्हणजे लॉगिन, माझी ऑर्डर वगैरे, तर सर्व्हरकडचं काम सुरू होतं. मात्र एक बघा, भाव भरणार कोण? दुकानदार गिट (फाइलींतले बदल नोंदवायचं साधन) शिकणार नाही. त्याला साधा फॉर्म द्या, नाहीतर रोज सकाळी तुम्हालाच फोन.

आता मला सगळ्यात जास्त छळलेली गोष्ट. सकाळी ९ला पोस्ट टाकली, बिल्ड बिनचूक, पण साइटवर पोस्टच नाही! ह्युगोत तारखेसोबत टाइमझोन लिहिला नाही, तर ती वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) धरली जाते. म्हणजे तुमचे सकाळचे ९ त्याच्या लेखी आपल्याकडचे दुपारचे अडीच. भविष्यातली पोस्ट तो मुकाट वगळतो. बरं, अडीचला ती आपोआप उगवतही नाही, पुन्हा बिल्ड करावंच लागतं. तारखेपुढे +०५:३० लिहा, नाहीतर कॉन्फिगमध्ये (साइटच्या सेटिंगच्या फाइलमध्ये) टाइमझोन ठरवून टाका. तरीही दिसली नाही, तर पोस्टवर ड्राफ्टची (कच्च्या मसुद्याची) खूण राहिलीय का बघा.

डिझाइन उडालं तर आधी कॉन्फिगमधला बेस-यूआरएल (साइटचा मूळ पत्ता) तपासा. फोटो घरच्या विंडोजवर दिसतो आणि सर्व्हरवर नाही? बहुतेक वेळा फाइलच्या नावातलं एखादं कॅपिटल अक्षर. लिनक्स ते सोडत नाही.

आणि दुकानदाराने दिलेला मराठी मजकूर साइटवर अगम्य खुणांसारखा दिसला, तर जनरेटर बदलत बसू नका. तो जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेला असणार. कन्व्हर्टरमधून काढा आणि मग रफार, जोडाक्षरं स्वतः डोळ्यांखालून घाला. नाहीतर आपल्या 'सोऱ्या'चा 'सोर्या' होऊन बसायचा.