चंद्रभागेकाठी गाडीतला मुक्काम
सोलापूरहून मोहोळमार्गे पंढरपूर साधारण ७५ किलोमीटर. तारीख ठरवण्याआधी पंचांग बघा. आषाढी, कार्तिकी, माघी, चैत्री वारीत मोठी गाडी लावायला जागा मिळणं कठीण. डिसेंबर-जानेवारी उत्तम.

गाडी नदीच्या वाळवंटात कधीच उतरवू नका. उजनी धरणातून पाणी सोडलं की पात्र भरतं. काठावरच्या उंच, टणक जागी, मालकाला विचारून थांबा. वाळूत चाक रुतलंच तर एक्सलरेटर दाबू नका, ते आणखी खाली जातं. हवा ३५ वरून २० पीएसआयवर आणा, चाकापुढची वाळू उपसा, हळूच काढा. बाहेर येताच हवा पुन्हा भरा, म्हणून पंप सोबत हवाच.

पिण्याचं पाणी माणशी रोज ५ लिटर. गॅसची टाकी उभीच बांधा, शेगडी दार उघडून पेटवा. शिदोरीला कडक भाकरी, शेंगाचटणी, उन्हातही टिकतात.