दात शिवशिवत असतील तर
हिरडी मागे सरली किंवा वरचं कवच झिजलं की आतल्या थरातल्या बारीक नळ्या उघड्या पडतात, म्हणून गार पाण्याने कळ येते. पोटॅशियम नायट्रेट, म्हणजे ही कळ कमी करणारं औषध, असलेली टूथपेस्ट आणि मऊ ब्रश घ्या. दिवसातून 2 वेळा, 2 मिनिटं, हलक्या हाताने घासा. ब्रशचे केस महिन्याभरातच फाकले तर तुमचा जोर जास्त लागतोय, हे नक्की. फेस थुंका, पण लगेच खळखळून चूळ भरू नका. औषधच धुऊन जातं. आंबट खाल्ल्यावर तासभर ब्रश नको, तेव्हा कवच मऊ पडलेलं असतं. फरक पडायला 2 ते 4 आठवडे लागतात, चार दिवसांत पेस्ट बदलू नका. कळ अर्धा मिनिट रेंगाळली किंवा चावताना एकच दात दुखला, तर थेट डेंटिस्टकडे जा.