मीटिंगचं सॉफ्टवेअर घेण्याआधी: रेकॉर्डिंग कुणाच्या खात्यात पडणार ते विचारा

ऑफिससाठी मीटिंगचं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं की बहुतेक जण लगेच झूम, गूगल मीट, टीम्स आणि वेबेक्सच्या सोयींचे तक्ते शेजारी शेजारी लावून बसतात. ते नंतर. आधी मागच्या महिन्याचं कॅलेंडर उघडा आणि कागदावर लिहून काढा: किती मीटिंगा आपसात झाल्या, किती बाहेरच्या लोकांबरोबर, सर्वात मोठीला किती माणसं होती, सर्वात लांबलेली किती वेळ चालली, एकाच वेळी जास्तीत जास्त किती मीटिंगा चालू होत्या. आणि शेवटचा रकाना: यातल्या कुठल्या रेकॉर्ड झाल्या आणि ती रेकॉर्डिंग्ज आज नेमकी कुठे आहेत. हा रकाना रिकामा सोडू नका. गेल्या वेळी मी सोडला होता.

तेव्हा ग्राहकांना दिलेल्या प्रशिक्षणाची सगळी रेकॉर्डिंग्ज एका सहकाऱ्याच्या खात्यात साठत होती. ते नोकरी सोडून गेले, त्यांचं खातं रीतसर बंद केलं आणि रेकॉर्डिंग्जही त्याबरोबर गेली. लक्षात आलं तेव्हा परत मिळवण्याची मुदत संपली होती. पैसे कंपनी भरते म्हणून रेकॉर्डिंग कंपनीचं, असं आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात ते एका माणसाच्या खात्याला बांधलेलं असतं, आणि माणूस गेला की काय होतं हे विकणारा आपण होऊन सांगत नाही. आपणच विचारावं लागतं.

म्हणून हे सगळ्यात आधी, सोयींच्या आणि किमतीच्याही आधी. चार प्रश्न लेखी विचारा आणि उत्तरही लेखी घ्या. रेकॉर्डिंग कुणाच्या खात्यात पडतं? किती दिवसांनी आपोआप पुसलं जातं? जागा भरली तर काय होतं? खातं बंद केलं तर काय होतं? उत्तरं प्रत्येक ठिकाणी वेगळी आहेत. गूगल मीटमध्ये रेकॉर्डिंग मीटिंग बोलावणाऱ्याच्या ड्राइव्हमध्ये जातं. टीम्समध्ये साध्या मीटिंगचं रेकॉर्डिंग एका व्यक्तीच्या वनड्राइव्हवर जातं आणि चॅनेलमधल्या मीटिंगचं शेअरपॉइंटवर, म्हणजे संघाच्या सामायिक जागेत. एवढ्या एका फरकावर कामाच्या मीटिंगा चॅनेलमधूनच बोलवायचा नियम करता येतो. झूममध्ये फुकट खात्यावर रेकॉर्डिंग फक्त त्या माणसाच्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर उतरतं. क्लाउडवर ठेवायचं तर पैसे भरलेलं खातं लागतं. कॉम्प्युटरवर उतरलेलं रेकॉर्डिंग कंपनीच्या दृष्टीने नसल्यातच जमा धरा. लॅपटॉप बदलला, बिघडला, परत घेऊन साफ केला, की संपलं.

पुसलं जाण्याची मुदत तर हमखास नजरेतून सुटते. टीम्सचं रेकॉर्डिंग, प्रशासकाने सेटिंग बदललं नसेल तर, १२० दिवसांनी आपोआप पुसलं जातं. वर्षभराने ‘त्या मीटिंगमध्ये नक्की काय ठरलं होतं’ असा वाद निघाला तर दाखवायला काहीच उरत नाही. खातं काढून टाकल्यावरची मुदत याहून कमी असते: गूगल वर्कस्पेसमध्ये काढलेलं खातं परत आणायला २० दिवस मिळतात, वनड्राइव्ह मूळ सेटिंगप्रमाणे ३० दिवस राहतं. झूममध्ये खातं काढताना रेकॉर्डिंग दुसऱ्याच्या नावावर करायचा पर्याय समोर येतो, पण तो त्याच वेळी निवडावा लागतो. म्हणजे निर्णय खातं बंद करणाऱ्याच्या हाती आहे, आणि त्या माणसाला सहसा रेकॉर्डिंगचा पत्ताच नसतो. तेव्हा नोकरी सोडणाऱ्याच्या कागदपत्रांत एक ओळ आजच घाला: रेकॉर्डिंग्ज कुणाच्या नावावर केली, तारीख, सही. सॉफ्टवेअर अजून घेतलं नसेल तरी घाला.

आता बाकीचं.

आधीपासून कशाचे पैसे भरताय ते बघा. मेल गूगल वर्कस्पेसवर असेल तर मीट त्यातच आहे, मायक्रोसॉफ्ट ३६५ असेल तर कित्येक योजनांत टीम्स असतं. वेगळं घ्यायचं तर त्याला कारण हवं, आणि ‘सगळे तेच वापरतात’ हे कारण नव्हे. मात्र आपली योजना कुठली आहे ते नीट वाचा. वर्कस्पेसच्या बिझनेस स्टार्टर योजनेत मीट आहे पण रेकॉर्डिंग नाही. ते त्याच्या वरच्या बिझनेस स्टँडर्डपासून मिळतं. ‘आपल्याकडे मीट आहेच’ म्हणून निर्धास्त झालेल्या कित्येकांना हे ऐन मीटिंगमध्ये बटण सापडेना तेव्हा कळतं.

फुकटात भागवायचा विचार असेल तर वेळेची मर्यादा धरून चाला: झूमवर ४० मिनिटं, मीटवर तीन किंवा जास्त माणसं असली की ६० मिनिटं, फुकट टीम्सवर गटाच्या मीटिंगला ६० मिनिटं. तिन्हीकडे माणसं १०० पर्यंत. आपसातल्या रोजच्या बोलण्याला हे पुरतं. ग्राहकासमोर मधेच मीटिंग तुटणं परवडत नाही. आणि पैसे वाचवायला सगळ्यांनी मिळून एकच पैसे भरलेलं लॉगिन वापरणं, हे करू नका, कृपा करून करू नका. एका खात्यावर दोन मीटिंगा एकदम घेताना अडतं, ही त्यातली लहान अडचण. मोठी अडचण अशी की सगळ्यांची रेकॉर्डिंग्ज एकाच ढिगात पडतात, पासवर्ड दहा जणांना माहीत असतो, आणि कुणाची मीटिंग कुणी पाहिली किंवा पुसली हे शोधायची सोय राहत नाही. लायसन्स सहसा मीटिंग घेणाऱ्याला लागतं, येणाऱ्याला नाही. तेव्हा मीटिंगा खरोखर घेणारी माणसं मोजा. आकडा वाटतो त्यापेक्षा लहान निघतो.

बाहेरची माणसं कशी येतील हा पुढचा मोठा भाग, आणि निवड चुकली तर बहुधा इथेच चुकलेली असते. आपण रोज वापरतो ते आपल्याला सोपं वाटतंच. ग्राहक, उमेदवार, वकील, माल पुरवणारा यांना दुव्यावर टिचकी मारल्यावर काय दिसतं ते बघा. ॲप उतरवून घ्यायला सांगतं का, खातं उघडायला लावतं का, की ब्राउझरमधूनच आत घेतं? वेबआरटीसी हे तंत्र २०२१ मध्ये अधिकृत वेब मानक झालं, त्यामुळे ब्राउझरमधून आवाज आणि चित्र चालणं ही आता किमान अपेक्षा आहे. पण ब्राउझरमधून आलेल्याला काही सोयी कमी मिळतात, आणि कुठल्या कमी ते प्रत्यक्ष करूनच कळतं. चाचणीसाठी कंपनीशी काही संबंध नसलेला, तंत्रज्ञानात फारसा न रमणारा माणूस निवडा. त्याला फक्त दुवा पाठवा, फोनवर काही समजावू नका, आणि तो कुठे अडतो ते टिपून ठेवा.

मोठ्या संस्थांशी काम असेल तर त्यांच्या फायरवॉलचा, म्हणजे नेटवर्कमधली येजा अडवणाऱ्या भिंतीचा, प्रश्न येतो. आवाज आणि चित्र शक्यतो यूडीपीवरून, म्हणजे डेटा पाठवायच्या झटपट पद्धतीने, जातं: टीम्सला ३४७८ ते ३४८१ हे पोर्ट, म्हणजे नेटवर्कची क्रमांक दिलेली दारं, लागतात, झूमला ८८०१ ते ८८१०. ते बंद असले तर मीटिंग लागते, पण वाहतूक टीसीपी या हरवलेला डेटा पुन्हा पाठवत बसणाऱ्या पद्धतीवर वळते आणि आवाज अडखळायला लागतो. मग दोष सॉफ्टवेअरला दिला जातो. आपल्या ऑफिसात हे पोर्ट उघडे आहेत का, ते नेटवर्क बघणाऱ्याला विचारा. ज्याच्याशी रोज बोलायचं त्या ग्राहकाकडेही विचारायला हरकत नाही.

इंटरनेटचा वेग बघताना डाउनलोडच्या आकड्यावर खूश होऊ नका. मीटिंगमध्ये आपण पाठवतोही, त्यामुळे अपलोड तेवढाच महत्त्वाचा. ७२०पी (एचडी चित्राच्या) गटमीटिंगसाठी झूमचा सल्ला एकेका माणसामागे २.६ एमबीपीएस अपलोड आणि १.८ डाउनलोड असा आहे. ऑफिसातून दहा जण एकदम बसणार असतील तर गुणाकार करा आणि बाकीच्या कामाला जागा ठेवा. वेगापेक्षाही बोलणं बिघडवतो तो उशीर. आवाज एका टोकाहून दुसऱ्या टोकाला १५० मिलिसेकंदांच्या आत पोचावा, असा आयटीयूचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचा, जुना दंडक आहे. त्यापलीकडे माणसं एकमेकांचं बोलणं तोडायला लागतात. चित्र थोडं धूसर चालतं. आवाज तुटलेला चालत नाही. हेडसेट घ्या. मीटिंगच्या खोलीत मधोमध लॅपटॉप ठेवून सहा जणांनी बोलायचं असेल तर वेगळा मायक्रोफोन लागतोच, सॉफ्टवेअर कितीही चांगलं असो.

सुरक्षेचं बरंचसं आता सगळीकडे सारखं आहे: पासवर्ड, प्रतीक्षा कक्ष, यजमानाशिवाय मीटिंग सुरू न होणं, स्क्रीन कोण दाखवू शकेल याचं बंधन. २०२० मध्ये अनोळखी लोक उघड्या मीटिंगांत घुसायला लागल्यावर या गोष्टी सर्रास चालू ठेवल्या जाऊ लागल्या. त्या चालूच ठेवा. एंड-टू-एंड एन्क्रिप्शनबद्दल मात्र नीट समजून घ्या, कारण इथे पुन्हा रेकॉर्डिंग येतं. त्यात संभाषण सेवा देणाऱ्या कंपनीलाही उलगडत नाही, आणि म्हणूनच झूमवर ते चालू केलं की क्लाउड रेकॉर्डिंग बंद होतं, साध्या फोनवरून जोडणंही बंद होतं. दोन्ही एकदम मिळत नाही. कुठली मीटिंग गुप्त हवी आणि कुठली जपून ठेवायची हे आधी ठरवा, मीटिंग बोलावताना नव्हे.

आणि रेकॉर्डिंग म्हणजे फक्त व्हिडिओ नव्हे. मीटिंगचा लिखित उतारा, गप्पांच्या चौकटीतले संदेश, एआयने काढलेला सारांश हे सगळं रेकॉर्डच आहे, आणि प्रत्येकाची जागा आणि मुदत वेगळी असू शकते. वरचे चार प्रश्न या प्रत्येकासाठी पुन्हा विचारा. कंटाळा येतो, तरी विचारा. एखाद्याने स्वतःच्या खात्यातून बाहेरचं टिपणं घेणारं ॲप मीटिंगमध्ये आणून बसवलं तर तुमच्या कंपनीचं बोलणं तिसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरवर जातं, आणि ते तिथून काढायचा अधिकार तुमच्याकडे नसतो. अशी ॲप आत येऊ द्यायची की नाही, आणि रेकॉर्डिंगचं बटण कुणाला द्यायचं, हे प्रशासकाच्या सेटिंगमध्ये बांधून घ्या. रेकॉर्ड करताना समोरच्याला सांगणं आणि त्याची संमती घेणं कित्येक देशांत कायद्याने लागतं. नसलं तरी सांगा.

प्रशासक दोन ठेवा. एकही कुणाच्या खाजगी मेलवर नको. दोन टप्प्यांची ओळखपडताळणी सक्तीची करा.

आता चाचणी, आणि ती खरी हवी. आपसात ‘ऐकू येतंय का’ म्हणून दहा मिनिटं बोलणं ही चाचणी नव्हे. त्या आठवड्यातली सर्वात अवघड मीटिंग घ्या: बाहेरची माणसं असलेली, कुणी मोबाइलवरून जोडलेला, कुणी स्क्रीन दाखवणारा, तासाभराच्या वर चालणारी. थेट मथळे, म्हणजे बोलता बोलता पडद्यावर उमटणारे शब्द, वापरणार असाल तर ते आपल्या लोकांच्या नेहमीच्या, दोन भाषा मिसळलेल्या बोलण्यावर तपासा. मग ती मीटिंग रेकॉर्ड करा. मग एक चाचणीचं खातं उघडा, त्यातूनही एक मीटिंग रेकॉर्ड करा आणि ते खातं काढून टाका. खरंच काढून टाका. त्यानंतर ते रेकॉर्डिंग दुसऱ्या कुणाला सापडतं का, उघडतं का, उतरवून घेता येतं का ते बघा. खातं काढून बघणं हे अर्ध्या तासाचं काम आहे. माहितीपत्रक जे सांगत नाही ते इथे कळतं, आणि याचं उत्तर समाधानकारक नसेल तर बाकी सगळं आवडलं तरी सही करू नका.

स्वतःच्या सर्व्हरवर चालवायचं असेल तर जित्सी आणि बिगब्लूबटन हे मुक्त स्रोत पर्याय आहेत. रेकॉर्डिंग तुमच्याच डिस्कवर राहतं, हा मोठा फायदा. पण सर्व्हर सांभाळणारा माणूस कायमचा लागतो. तो नसेल तर नको.

बाहेर पडायचा रस्ता आत शिरतानाच बघा. स्काइप मे २०२५ मध्ये बंद झालं, व्हेरायझन या अमेरिकन दूरसंचार कंपनीने २०२० मध्ये विकत घेतलेलं मीटिंगचं सॉफ्टवेअर ब्लूजीन्स बंद करायचं २०२३ मध्ये जाहीर झालं. नावं मोठी होती, तरी टिकली नाहीत. सगळी रेकॉर्डिंग्ज एकदम, साध्या एमपी४मध्ये उतरवून घेता येतात का, की एकेक करून? महत्त्वाची तेवढी दर तिमाहीला कंपनीच्या स्वतःच्या साठवणीत उतरवायची, आणि ते कुणी करायचं त्याचं नाव लिहून ठेवायचं.

किंमत वर्षाची की महिन्याची, मधेच माणसं कमी झाली तर पैसे कमी होतात का, रेकॉर्डिंगच्या जास्तीच्या जागेचे वेगळे पैसे किती, तेवढं विचारा. लोकांना शिकवायला एक तास ठेवा, दोन पानांचं टिपण द्या, जुनं सॉफ्टवेअर महिनाभर चालू ठेवा, आणि ते बंद करण्याआधी त्यातली रेकॉर्डिंग्ज काढून घ्या. करार आपोआप पुढे चालू होणार असेल तर ती तारीख, महिनाभर आधीच्या आठवणीसह, दोघा प्रशासकांच्या कॅलेंडरमध्ये टाका.