पोर्तुगीज कानात शिरेना, तेव्हा

गोव्यात म्हापशात वकिलाकडे कारकुनी करतो. 1961 पूर्वीचे, पोर्तुगीज राजवटीतले दस्तऐवज बहुतेक पोर्तुगीजमध्ये, म्हणून भाषा शिकायला घेतली. आठ महिने रोज अॅपवर तासभर. वाचून बरंचसं कळायला लागलं, पण शेजारच्या आजी बोलल्या की मी ठोंब्या!

दोष कुठे होता ते उशिरा लक्षात आलं. अॅप शिकवत होतं ब्राझीलचा उच्चार. 'रात्र' त्यात 'नोइची', आजींच्या तोंडी 'नोइत'. शिवाय लिस्बन वळणाच्या उच्चारात आघात नसलेले स्वर गिळून टाकतात. 'तेलेफोन'चं जवळजवळ 'त्ल्फोन' होतं. मी डोळ्यांनी शिकलेलं कानाला कसं ओळखू येणार?

मग अॅप बंद केलं. पोर्तुगालच्या रेडिओच्या बातम्यांतला अर्धा मिनिट रेकॉर्ड करायचा, ऐकून वहीत लिहायचा, चुका लाल पेनाने दाखवायच्या आणि शेवटी निवेदकाच्या मागोमाग तोंडाने म्हणायचा. तोच तुकडा दुसऱ्या दिवशी, मग चौथ्या, मग आठवड्याने. पहिले पंधरा दिवस वही नुसती लाल.

शब्दांचं ओझं मात्र फारसं झालं नाही. चावी, बटाटा, पाव, पगार, जनेल (खिडकी) हे आपल्या घरातलेच. खरा घोळ 'सेर' (मुळातलं असणं) आणि 'इश्तार' (तात्पुरतं असणं) या क्रियापदांचा, कारण आपल्याला दोन्हींना एकच 'असणे'. त्यावर व्याकरणाचं पुस्तक उपयोगी पडलं नाही, आजी पडल्या. 'चहा थंड आहे' म्हणताना मी 'सेर' वापरलं की त्या कप हातातच धरून ठेवतात, सुधारेपर्यंत.