कुलूपबंद घरं यादीतून काढू नका

नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात मधुमेह-रक्तदाबाचा घरोघरी अभ्यास करायचं ठरवलंत, तर आधी कॅलेंडर बघा. दिवाळी झाली की अक्कलकुवा-धडगावकडची कितीतरी कुटुंबं मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे घेऊन दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला जातात. त्या दिवसांत पाड्यावर गेलात तर भेटतात म्हातारी माणसं आणि लहान पोरं. ज्यांच्यासाठी अभ्यास करायचा, तीच त्यातून गळतात. म्हणून मी कुलूप असलेल्या घरांची वेगळी यादी ठेवते. होळीला, त्याआधी भरणाऱ्या आदिवासींच्या भोंगऱ्या बाजाराला बरेच जण परततात, तेव्हा पुन्हा जाते. ऐन सणात मात्र कुणाचं रक्त घेऊ नका.

पडावावर, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या मुक्कामावरही जायलाच हवं. तिथे मुकादम हो म्हणाला म्हणजे मजुराची संमती मिळाली, असं नाही. त्याच्या माघारी, पावरी किंवा भिलोरी या इथल्या बोली बोलणारी कार्यकर्ती सोबत घेऊन विचारा.

'शुगर आहे का?' हा प्रश्न एकटा कधीच विचारू नका. 'नाही' म्हणणाऱ्या कित्येकांची तपासणीच झालेली नसते, आणि तपासणी न झालेला माणूस तुमच्या तक्त्यात निरोगी ठरतो. 'शेवटची तपासणी कधी, कुठे?' हे आधी विचारा. गोळ्या चालू असतील तर पाकीट दाखवायला सांगा. एका बाईंनी पत्र्याच्या डब्यातून पाकीट काढून दाखवलं, चार गोळ्या उरलेल्या. एक दिवसाआड घेत होत्या, संपू नयेत म्हणून. 'नियमित घेता का?' याला त्यांनी हो म्हटलं होतं.

इथे आणखी एक गोष्ट फार जपावी लागते. भिल्ल, पावरा समाजात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आढळतो. मधुमेहासाठीची एचबीए१सी ही चाचणी लाल पेशीतल्या हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर मोजते. निरोगी लाल पेशी साधारण १२० दिवस टिकते, सिकलसेलच्या रुग्णाची त्याच्या कितीतरी आधी फुटते. साखर चिकटायला वेळच मिळत नाही, आकडा खोटा कमी येतो. स्वतःला आजार नसलेल्या, पण त्याचं जनुक असलेल्या वाहकांच्या बाबतीतही काही यंत्रं चुकतात. त्यामुळे उपाशीपोटीची साखर घ्या आणि सिकलसेलची नोंद त्याच ओळीत ठेवा.

रक्तदाब मोजण्याआधी माणसाला पाच मिनिटं शांत बसू द्या. नुकताच चहा-तंबाखू झाला असेल तर अर्धा तास थांबा.

आकडे आणि गोळ्यांची नावं कागदावर लिहून त्याच दिवशी माणसाच्या हातात द्या. पडावाजवळच्या डॉक्टरला आपल्या उपकेंद्राचं रजिस्टर दिसत नाही. आणि दिवाळीआधी आशाताईंबरोबर बसून जाणाऱ्यांची नावं काढा. महिनाभराच्या गोळ्यांवर पूर्ण हंगाम निघत नाही, हे वैद्यकीय अधिकाऱ्यांसमोर नावांनिशी मांडता येतं.